पदकं नंतर बघ, आधी नोकऱ्या शोध

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला आणि मग ती लांबलचक व्हॉइस नोट पण ऐकली. आपल्या किनाऱ्यावरच्या बॉक्सिंगचा इतिहास लिहायचाय, आजोबांच्या ट्रंकेत ग्लोव्हज घातलेला त्यांचा फोटो सापडला तेव्हापासून डोक्यात बसलंय, आता सुरुवात कुठून करू असं विचारलंयस. खूप बरं वाटलं गं. आपल्याकडे कुणालाही विचार, तो सांगणार बॉक्सिंग म्हणजे हरियाणा नाहीतर मणिपूर, कोकणात फक्त कबड्डी. कबड्डी आहेच, वाडीवाडीत आहे, तिचा मान तिला आहे, पण त्यामुळे आज तालुक्याला जी पोरं-पोरी ग्लोव्हज घालतायत त्यांना वाटतं की आपल्या आधी इथं कुणी काही केलंच नाही, आपण परक्यांचा खेळ खेळतोय. ते खरं नाही, आणि खरं नाही हे पुराव्यानिशी दाखवायचं काम तू अंगावर घेणार असशील तर मी तुझ्या मागे उभा आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण तू म्हणालीस की जिल्ह्यातल्या मेडलवाल्यांची यादी करायला घेतलीय. ती यादी सध्या बाजूला ठेव. असं बघ, राष्ट्रीय स्पर्धेत खेळाडू गावाच्या नावाने उतरत नाही, संघाच्या नावाने उतरतो, आणि भारतातल्या बॉक्सिंगमध्ये वर्षानुवर्षं दोन संघ भारी, एक सर्व्हिसेस म्हणजे लष्कर-नौदल-हवाईदल मिळून, आणि दुसरा रेल्वे. म्हणजे गुहागरच्या एखाद्या पोराने नौदलात जाऊन मेडल आणलं तर ते सर्व्हिसेसच्या खात्यात जमा, देवगडचा कुणी रेल्वेत लागला आणि जिंकला तर ते रेल्वेचं, आणि मुंबईत गोदीत काम करून कुणी खेळला असेल तर कागदावर तो मुंबईकर. जिल्ह्याच्या यादीत यातला एकही सापडणार नाही. यादी कोरी दिसेल आणि तुला वाटेल इथं काही नव्हतंच. माणसं होती, पण त्यांची नावं दुसऱ्यांच्या वहीत चढलीत.

म्हणून माझं म्हणणं असं की मेडलांच्या मागे जाण्याआधी नोकऱ्यांच्या मागे जा. बॉक्सिंग आपल्याकडे नोकरीच्या वाटेने आलं. गावातला कुणीतरी पोटासाठी बाहेर पडला, तिथं हात शिकला, सुट्टीवर आला तेव्हा पडवीत पुतण्याला उभा करून गार्ड कसा धरायचा, डावा पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं, पुतण्याने ते वाडीतल्या दोघांना दाखवलं, असं ते पसरलं. हरियाणाचं काही वेगळं नाही. भिवानीजवळच्या गावातले हवा सिंग फौजेत गेले, तिथं बॉक्सर झाले, १९६६ आणि १९७० अशा लागोपाठच्या दोन्ही एशियन गेम्सना हेवीवेटचं गोल्ड आणलं, आणि पुढे त्याच भिवानीत पोरांना शिकवायला उभे राहिले, आणि २००८ ला बीजिंगमध्ये विजेंदरने ब्राँझ आणलं तो त्याच भागातला. तिथं फौजेतून परत आलेला माणूस शिकवायला गावात राहिला. आपल्याकडे परत आलेले बरेचसे पुन्हा मुंबईला गेले, हा फरक मला फार मोठा वाटतो आणि तुझ्या लिखाणात तो यायला हवा.

आता वाटा कुठल्या कुठल्या, ते बघ.

पहिली वाट नौदलाची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी इंग्रजांच्या इथल्या नौदलात खलाशी घ्यायचे ते मोठ्या संख्येने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून, त्यातही कोकणी मुसलमानांच्या घरांतून, कारण या लोकांचा समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. आणि ब्रिटिश नौदलात बॉक्सिंग हा ठरलेला खेळ, जहाजाजहाजांत, तळातळांत मॅचेस व्हायच्या, तीच रीत इकडे आली आणि भारतीय नौदलात आजतागायत चालू आहे. तेव्हा तू फक्त आपल्या ओळखीच्या वाड्यांत फिरून थांबलीस तर इतिहासाचा एक अख्खा तुकडा सुटेल. खाडीकाठच्या मोहल्ल्यांत जा, दालदी, खारवी, गाबीत, भंडारी, ख्रिश्चन, सगळ्यांच्या घरात जा, ज्याच्या घरात नौदलाचं डिस्चार्जचं पुस्तक असेल त्याच्या घरात तर नक्कीच. आणि एक जपून विचारायचं. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत तलवार या तळावरून नौसैनिकांचा उठाव सुरू झाला, तो मोडल्यावर शेकडो जणांना कामावरून काढून टाकलं. कुणाचा आजोबा त्यात होता असं कळलं तर लगेच बॉक्सिंगवर येऊ नकोस. आधी ती गोष्ट पूर्ण सांगू दे, त्या घराने ती कितीतरी वर्षं मनात ठेवलेली असते. नोकरी गेली तेव्हा खेळ पण गेला असेल, पण ते त्यांच्या तोंडून येऊ दे.

दुसरी वाट लष्कराची, आणि ही सगळ्यांना सारखी उघडी नव्हती. एकोणिसाव्या शतकात कोकणातले महार मोठ्या संख्येने इंग्रजांच्या मुंबई लष्करात होते, दापोलीला पेन्शनर कुटुंबांची वस्तीच होती, बाबासाहेबांच्या वडिलांचं घर लष्करातलं आणि बाबासाहेबांचं अगदी लहानपण काही काळ दापोलीत गेलं. पुढे १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, पहिल्या महायुद्धात पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली, आणि १९४१ ला महार रेजिमेंट झाली तेव्हा कुठे दार नीट उघडलं. आता विचार कर, ब्रिटिश पलटणींत बॉक्सिंगला शिस्त लागली, स्पर्धा सुरू झाल्या, त्याच दशकांत एका अख्ख्या समाजाला पलटणीच्या बाहेर ठेवलं होतं. भरती बंद म्हणजे पगार बंद, पेन्शन बंद, आणि खेळ पण बंद. बॉक्सिंगच्या इतिहासात हे कशाला असं तुला कुणीतरी म्हणेल. तू लिहीच. कुणाला रिंगपर्यंत पोचता आलं नाही हे लिहिल्याशिवाय कोण पोचलं याला अर्थ राहत नाही.

तिसरी वाट मुंबईची, म्हणजे चाकरमान्यांची, आणि मला वाटतं तुला सगळ्यात जास्त माल इथंच मिळेल. मुंबईत बॉक्सिंगची संघटना फार जुनी, बॉम्बे प्रेसिडेन्सीची अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन १९२५ ची, देशातली पहिली. देशाची संघटना झाली ती १९४९ ला, म्हणजे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला सात बॉक्सर पाठवून झाल्यावर, आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५० ला मुंबईतच ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. त्या सात जणांच्या टीममध्ये रॉबर्ट क्रॅन्स्टन, जीन रेमंड, जॉन नटॉल अशी नावं दिसतात, शिवाय बंगालचे बिनय बोस, रॉबिन भट्टा. त्या काळात शहरांतलं बॉक्सिंग मुख्यतः अँग्लो-इंडियन, ख्रिश्चन, पारशी पोरांचं, कॉन्व्हेंट शाळा, वायएमसीए, रेल्वे कॉलनी इथलं. आणि त्याच शहरात, भायखळा-परळच्या पट्ट्यात, गावकीच्या खोल्यांत एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी आपली माणसं राहत होती, गिरणीत, गोदीत, पोर्ट ट्रस्टमध्ये, पोलिसात, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. वर्कशॉपमध्ये शेजारी काम करणारा अँग्लो-इंडियन फिटर संध्याकाळी ग्लोव्हज घालायचा आणि त्याच्याबरोबर आपला कुणी गेला, असं घडलं का, कुठे घडलं, कुणाच्या बाबतीत घडलं हे शोधणं तुझं काम. मी तुला उत्तर देत नाही, कारण ते घराघरात विचारूनच लिहायचं आहे, अंदाजाने नाही.

गिरण्यांचं अजून एक. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर कितीतरी घरं कायमची गावाला परत आली. ज्यांच्या घरात ८२ नंतर कुणी परतला त्याला विचार की तो आला तेव्हा सामानात काय काय आणलं. भांडी, गाद्या, शिवणयंत्र सांगतील, मग हळूच कुणीतरी म्हणेल, एक बॅग होती ठोसे मारायची. जयगडच्या बाजूला एका घरात मी तशी बॅग बघितलेली आहे. जुन्या शिडाचं कापड दुहेरी शिवलेलं, आत काथ्या आणि लाकडाचा भुसा, तळाला थोडी वाळू, फणसाच्या फांदीला बोटीच्या दोराने बांधलेली, आणि दोराची गाठ खलाशी मारतात ती. वाळू खाली बसून बसून तळ दगडासारखा झालेला, म्हणून घरातले सांगत होते की पोरांना सक्त ताकीद असायची, कमरेच्या खाली मारायचं नाही, रिंगमध्ये फाऊल म्हणून आणि इथं मनगट जाईल म्हणून. वरच्या भागात कापड घासून पातळ झालेलं, पण एकाच बाजूला, डावीकडे. त्यावरून कळतं ना, मारणारा उजव्या हाताचा क्रॉस म्हणजे सरळ ठोसा जास्त टाकत होता की डावा हूक म्हणजे बाजूने वळवून मारलेला. असं बघायला शिक. फोटो काढशील तेव्हा बॅगेचा फक्त समोरून काढू नकोस, शिवण, गाठ, तळ, सगळं काढ, शेजारी मोजपट्टी ठेव.

आता तुझ्या आजोबांच्या फोटोकडे येतो. तू पाठवलास तो मी मोबाइलवर मोठा करून नीट बघितला. आजोबा गंजीफ्रॉकवर, ग्लोव्हज लेसचे, डोक्यावर हेडगार्ड नाही, मागच्या बाजूला शाईने गावाचं नाव, खाली तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी. एवढ्यावरून पण बरंच कळतं. मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं ते १ मे १९८१ पर्यंत, त्या दिवशी सिंधुदुर्ग वेगळा झाला, म्हणजे मागचं लिखाण बहुतेक त्याच्या आधीचं. (म्हातारी माणसं नंतर पण सवयीने जिल्हा रत्नागिरी लिहायची, म्हणून बहुतेक म्हणतो.) कुलाब्याचा रायगड पण १९८१ चाच, तिकडचे कागद शोधताना लक्षात ठेव. एखाद्या सर्टिफिकेटवर मुंबई राज्य असं छापलेलं असेल तर ते १ मे १९६० च्या आधीचं धर. हेडगार्ड अमॅच्युअर बॉक्सिंगमध्ये सक्तीचा झाला १९८४ च्या सुमारास, त्या वर्षीच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला सगळे हेडगार्ड घालून खेळले, आणि मोठ्या पुरुषांच्या स्पर्धांत तो काढला २०१३ ला. म्हणजे हेडगार्ड नसलेला फोटो एकतर जुना नाहीतर अगदी अलीकडचा, मधला नाही. फक्त सरावाचा किंवा स्टुडिओत काढलेला फोटो असेल तर हा नियम लागू नाही, तेवढं बघ.

किलोवरून पण तारीख लागते. वेल्टरवेट हा वजनगट घे, तो आधी ६७ किलोचा होता, २००३ ला ६९ चा झाला, २०२१ नंतर पुरुषांचा परत ६७ चा केला. तेव्हा ६९ लिहिलेलं सर्टिफिकेट २००३ च्या आधीचं असूच शकत नाही. मार्कांवरून तर अजून सोपं. म्हातारा बॉक्सर सांगेल एकोणसाठ-अठ्ठावन्नने हरलो, म्हणजे राउंडला वीस मार्कांची जुनी पद्धत, तीन राउंडचे साठ. कुणी सांगेल बारा-नऊ, म्हणजे बटण दाबून ठोसे मोजायचे तो काळ, ते मशीन ऑलिंपिकला १९९२ ला बार्सिलोनात आलं, १९८८ ला सोलमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सला ढळढळीत जिंकलेल्या फायनलमध्ये हरलेला ठरवलं त्यावरून जगभर बोंब झाली होती म्हणून. आणि आजची पोरं सांगतील तीस-सत्तावीस, म्हणजे राउंडला दहा मार्कांची पद्धत. राउंड पण बदलत गेले, बराच काळ तीन मिनिटांचे तीन, सिडनीला २००० मध्ये दोन मिनिटांचे चार, २००९ पासून पुरुषांचे परत तीन-तीन. माणूस साल विसरतो पण कितीने हरला ते विसरत नाही, त्यामुळे साल विचारण्यापेक्षा स्कोअर विचार आणि साल तू काढ. गावच्या, तालुक्याच्या स्पर्धेला मशीन-बिशीन नसायचं, तिथं कागदावरच चालायचं, म्हणून एकट्या स्कोअरवर विसंबून पण राहू नकोस, दोन खुणा जुळल्या की मगच तारीख टाक.

त्या फोटोत अजून एक आहे जे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. उजव्या कडेला अर्धा कापलेला एक माणूस आहे, खांद्यावर टॉवेल, तोंड दिसत नाही, फक्त हात आणि हातात लेसचं टोक. लेसचे ग्लोव्हज स्वतःचे स्वतःला बांधता येत नाहीत गं. एक हात कसाबसा बांधशील, दुसरा नाहीच. म्हणजे प्रत्येक बॉक्सरच्या मागे एक बांधणारा माणूस असतो, हातावर पट्ट्या गुंडाळणारा, अंगठ्यात अडकवून मनगटाला तीन वेढे, मग मुठीच्या हाडांवरून, मग बोटांच्या मधून, परत मनगटाला, ना घट्ट ना सैल, घट्ट झालं तर हात बधिर आणि सैल झालं तर अंगठा मोडतो. तो माणूस कोण होता? भाऊ, मित्र, गावचा मास्तर, कंपनीतला मुकादम? त्याचं नाव कुठल्याही यादीत नसतं. मला विचारशील तर तुझ्या लिखाणातली अर्धी माणसं ही अशी असायला हवीत. बाऊट म्हणजे मॅच हरलेले, पहिल्याच राउंडला बाहेर गेलेले, वजनात बसले नाहीत म्हणून उतरू न शकलेले, एसटीच्या तिकिटाचे पैसे जमले नाहीत म्हणून पोचलेच नाहीत ते. कुठल्याही स्पर्धेत जिंकणारा एक आणि हरून घरी जाणारे बाकी सगळे, आणि खेळ गावात टिकतो तो या बाकीच्यांमुळे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पुळणीवर पळायला तेच येतात.

मुलाखतींना सुरुवात आजीपासून कर. आजोबा गेले म्हणून माहिती गेली असं समजू नकोस, मी इतक्या घरांत बघितलंय की खेळाचं खरं बायका सांगतात. पुरुष माणूस मॅचबद्दल सांगताना थोडं वाढवून सांगतोच, बायको सांगते की वजन कमी करायचं म्हणून चार दिवस नुसती पेज पिऊन राहिले, मासळी असून खाल्ली नाही, रेनकोट घालून वाळूत पळायचे, परत आले की रक्ताचे शर्ट मी नदीवर धुवायचे आणि सासूला कळू द्यायचे नाही. काय जिंकलात, किती जिंकलात हे प्रश्न पहिल्या दिवशी काढूच नकोस. शिफ्ट कुठली होती, सराव कधी करायचे, रजा कोण द्यायचं, जेवण कुठे, पट्ट्या कोण धुवायचं, घरात कोण चिडायचं, पहिला मार खाल्ला तेव्हा काय वाटलं, सोडलं का, असं विचार. सोडलं का या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर लग्न, नोकरी किंवा डोळा असतं. डोळा म्हणाले की थांब आणि ऐक.

दुखापतींचं स्पष्टच लिहितो. डोक्याला वर्षानुवर्षं मार बसला तर त्याचे परिणाम म्हातारपणी दिसतात, विसरणं, हात थरथरणं, राग, बोलताना जीभ जड होणं, हे आता जगभरातल्या डॉक्टरांनी नीट मांडलेलं आहे. तुला असा माणूस भेटेल. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल घरच्यांना विचारू नकोस. त्याला दमवू नकोस. त्याची आठवण गोंधळली तर दुरुस्त करायला जाऊ नकोस, जे म्हणाला ते म्हणाला असं नोंदव आणि दुसरीकडून पडताळून घे. आणि लिहिताना खेळाचं कौतुक करायच्या भरात हे झाकू नकोस. मला बॉक्सिंग जीवापाड आवडतं, म्हणूनच सांगतोय.

वेळ कधी, हे पण महत्त्वाचं. मच्छीमार घरांत १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या दिवसांत जा, बोटी वर ओढलेल्या असतात, जाळी विणत माणसं घरी असतात आणि हातात काम असलं की माणूस मोकळा बोलतो. फक्त पत्र्यावरच्या पावसाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये सगळं खाऊन टाकतो, म्हणून माजघरात बस, पंखा बंद करायला सांग, फोन फ्लाइट मोडवर टाक. चाकरमान्यांसाठी गणपती, पण पहिले दोन दिवस नकोच, गौरी गेल्या की परतीच्या गाडीच्या आधी जे दोन-तीन दिवस मिळतात ते. जे गावाला येत नाहीत त्यांच्यासाठी तुला विरार, नालासोपारा, दिवा असं फिरावं लागेल, रविवारी जा, सकाळी.

फोटो आणि कागद घरी नेऊ नकोस, मागितले तरी नेऊ नकोस. तिथंच पडवीत, ऊन थेट पडत नाही अशा जागी, पांढऱ्या चादरीवर ठेवून पुढून-मागून दोन्हीकडून काढ. अल्बमच्या प्लास्टिकला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, वरूनच काढायचा. आपल्याकडची हवा खारट आणि दमट, वाळवी आणि बुरशी दोन्ही, आणि त्यात पूर. जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी भरलं तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, १८६४ पासूनच्या त्या वाचनालयात, किती पुस्तकं भिजली ते आठव. निसर्ग वादळात दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे घरांची छपरं उडाली, घरातल्या ट्रंकांचं काय झालं असेल. यासाठी म्हणतो की पुढच्या वर्षी करू असं म्हणू नकोस.

वाचनालयं सोडू नकोस. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे, जुनी स्थानिक साप्ताहिकं अशाच ठिकाणी बघायला मिळतात, आणि दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. खेळाची बातमी जुन्या पेपरात शेवटून दुसऱ्या पानावर दोन ओळींची असते, आणि नाव चुकीचं छापलेलं असतं, आडनाव गावावरून बनवलेलं असतं, कधी नुसतं एक खलाशी असं असतं, म्हणून नावाने शोधून भागत नाही, यात्रा, गणेशोत्सव, कामगार कल्याणचे कार्यक्रम, प्रजासत्ताक दिन अशा तारखांनी शोध.

पोरींचं काय, असं तू व्हॉइस नोटमध्ये अगदी शेवटी घाईत विचारलंस, जणू तो छोटा मुद्दा आहे. छोटा नाही. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा २००१ ची, मेरी कोमने त्यात सिल्व्हर आणलं आणि पुढे सहा वेळा गोल्ड, ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग आलं ते थेट २०१२ ला, आणि त्याच वर्षी तिचं ब्राँझ. २०२१ ला टोकियोत लवलीनाचं ब्राँझ, मग निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं जगज्जेती. म्हणजे हा इतिहास वीस-पंचवीस वर्षांचा, त्यातल्या बहुतेक जणी आज भेटू शकतात, आपल्या जिल्ह्यांतल्या ज्या पोरी शालेय स्पर्धांना उतरल्या त्या आज तिशी-पस्तिशीत आहेत, कुणी पोलिसात आहे, कुणी शाळेत शिकवतेय, कुणाचं लग्न होऊन आडनाव बदललंय. त्यांचं आत्ताच लिहून घेतलं नाही तर पन्नास वर्षांनी त्यांच्या नातीला पण ट्रंकच उघडावी लागेल. ज्या अजून शाळेत आहेत त्यांची नावं मात्र आईवडिलांना विचारल्याशिवाय छापू नकोस. आणि २०१२ च्या डिसेंबरात आपली राष्ट्रीय संघटना निलंबित झाली, मधे दुसरी आली, तिचं पण बिनसलं, २०१६ ला आताची फेडरेशन झाली, त्या चार वर्षांत ज्यांचं खेळायचं वय होतं त्यांचं फार नुकसान झालं. त्यांच्या सर्टिफिकेटवर कुठला शिक्का आहे यावरून त्यांना खरा-खोटा ठरवू नकोस, त्यांनी ठोसे खरेच खाल्लेत.

पहिला, सर्वात जुना, एकमेव असे शब्द लिहायच्या आधी मला फोन कर. कोकणातला पहिला बॉक्सर असं कुणालाही म्हणायचं नाही, त्याचा नातू समोर बसून कितीही आग्रह करत असला तरी. आम्हाला सापडलेला सगळ्यात जुना कागद अमुक सालचा, असं लिही, उद्या दुसऱ्याला जुना सापडला तर त्याला जागा राहील आणि भांडण होणार नाही. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिही, कोण काय म्हणालं ते नावासकट, त्यांची परवानगी घेऊन.

तर आता आजीकडे जा आणि तो टॉवेलवाला माणूस कोण ते विचार. सहज सांगितलं तर ठीक, आठवत नाही म्हणाल्या तर फोटोची मोठी प्रिंट काढून त्यांच्याकडेच ठेव, दोन दिवसांनी परत जा. बोलणं मालवणीतच होऊ दे, टाईप पण मालवणीतच कर, तुझं प्रमाण मराठीत करून मला पाठवू नकोस. ऑडिओ मूळ फाईल पाठव, व्हॉट्सअॅपवर नको, ते आवाज दाबतं, ड्राइव्हवर टाक आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर आजीच्या कपाटात ठेव. मी संध्याकाळी सातपर्यंत पोरांबरोबर मैदानावर असतो, त्यानंतर कधीही फोन कर. आणि तुमच्याकडून मुंबईला नौदलात भरती झालेल्यांची, जिवंत-मृत सगळ्यांची, घरवार यादी करायला घे, त्यातली रत्नागिरी आणि गुहागर तालुक्यातली घरं मी बघतो.